बिनसांध्याचा कोबा

लालबाग,
रविवार

प्रिय आकांक्षा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तुझी आई बरी आहे, माझे गुडघे होते तसेच आहेत, आणि समोरच्या हितेंद्रने नवी स्कूटर घेतली आहे, ती तो चालवतो कमी आणि पुसतो जास्त. पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काका, सरकारी काम आहे का? मी हो म्हणून टाकलं. आपण फोनवर बोलतो, नाही असं नाही. पण आपलं बोलणं ठरलेलं आहे. तू विचारतेस गोळ्या घेतल्यात का, मी विचारतो बडोद्याला उकडतंय का, मग तू म्हणतेस आईला द्या. आज जे सांगायचं आहे ते त्या दोन प्रश्नांत मावणारं नाही. शिवाय मधेच तू म्हणशील, जाऊ द्या ना अप्पा, आणि मी लगेच जाऊ देईन. अकरा वर्षं मी तेच करत आलो आहे.

बातमी अशी की आपल्या चाळीत पाइपाचा गॅस येतोय. तुझ्या आईने आत्तापासूनच सिलिंडरच्या जागेवर कांद्याची टोपली ठेवायचं ठरवलं आहे. ती लाइन पटांगणातून न्यायची म्हणून गुरुवारी कोबा फोडला. हो, आपलाच. त्या जुन्या भेगेवरच त्यांनी मशीन लावलं, तिथे फोडायला सोपं म्हणून. लग्न झाल्यापासून तू जितक्या वेळा आलीस तितक्या वेळा मागच्या गल्लीने, संडासांच्या बाजूने आत आलीस. आईला वाटतं टॅक्सीवाले तिकडेच सोडतात. तू पटांगणात पाऊल का टाकत नाहीस ते मला ठाऊक आहे. ती भेग तुझ्यामुळे पडली असं तू समजतेस, आणि त्या भेगेपायी पुढे जे झालं तेही. मी त्याबद्दलच लिहायला बसलो आहे. पत्र इथेच घडी करून ठेवू नकोस, एवढं माझं ऐक.

त्या वर्षीचा मे महिना आठव. तोवर पटांगणात जुन्या शहाबादी फरशा होत्या, अर्ध्या हललेल्या, आणि दर गणपतीला मंडपाच्या बांबूंसाठी त्या उपटून खड्डे खणायचे. वैभव तेव्हा नवाच सेक्रेटरी झाला होता. तो घरी येऊन म्हणाला, काका, तुम्ही चाळीत असताना बाहेरचा मिस्त्री कशाला? मी फुगलो. गिरणी सुटल्यापासून तीस वर्षं मी प्रभादेवीपासून माटुंग्यापर्यंत लोकांच्या जमिनी घोटल्या, पण स्वतःच्या दारासमोर हात लावायची वेळ पहिल्यांदा आली होती. वैभवचं म्हणणं होतं की कोब्यात रेघा नकोत. पलीकडच्या चाळीत पाटीवर आखल्यासारखे चौकोन पाडले होते, त्याला ते आवडत नव्हतं. मुली गौरीला फुगड्या घालतात, भजनाला माणसं मांडी घालून बसतात, जमीन कशी एकसारखी हवी. मी चारचौघांत म्हणालो की बुधाजी मिस्त्रीच्या कोब्याला सांधा दिसणार नाही. आणि बांबूंसाठी दरवर्षी फोडाफोड नको म्हणून कोब्यातच पाइपाचे तुकडे उभे पुरायचे आणि वर झाकणं ठेवायची, ही युक्तीही माझीच. सहा-सहाच्या दोन रांगा. त्या युक्तीचं चाळीने एवढं कौतुक केलं की मी आठवडाभर जमिनीवर नव्हतो.

आता थोडं शिकवू दे, तुला समजेल. माझे वस्ताद रामू मिस्त्री पहिल्याच दिवशी सांगायचे की माल वाळताना आक्रसतो, म्हणजे तो फुटणारच. कुठे फुटायचं एवढंच मिस्त्रीच्या हातात असतं. म्हणून दर आठ-दहा फुटांवर आपण आधीच खाच पाडून ठेवायची. मग तो त्या खाचेत फुटतो, सरळ फुटतो, आणि कुणाला दिसतही नाही. खाच ठेवली नाहीस तर तो स्वतः जागा शोधतो, आणि जिथे भोक असेल तिथे त्याला सगळ्यात आधी सापडते. मी तर त्याला ओळीने सहा भोकं देऊन ठेवली होती. दुसरं म्हणजे खालचा भराव. नळाच्या बाजूला पूर्वी पाण्याची टाकी होती, तो खड्डा संडासांच्या दुरुस्तीचं डेब्रिज टाकून बुजवलेला. तिथे पाणी सोडून दोन दिवस धुम्मस मारून माती ठोकून बसवायला हवी होती. पण वैभवने अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला होता, भटजी सांगून झाले होते, सगळ्या खोल्यांतून शिऱ्याची तयारी होती. आदल्या संध्याकाळी मी तिथे पाय आपटून पाहिला तर जमीन पोकळ वाजली. दोन दिवस थांबू या, एवढंच म्हणायचं होतं. मी धुम्मस एकदा फिरवला आणि घरी येऊन जेवलो.

कोबा टाकल्यावर तो ओला ठेवायचं, पाणी मारायचं काम तू आपण होऊन घेतलंस. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होतीस आणि मला मदत करायची तुला भारी हौस. कडेने मातीची आळी घालून दिली मी, बाकी सगळं तुझं. नळाला पाणी यायचं पाच ते सात, तेवढ्यात तू पिंप भरायचीस, गोणपाटं भिजवायचीस, संध्याकाळी पुन्हा. आजी पायरीवर काठी घेऊन बसायची आणि मांजराने जरी पाय ठेवला तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आठव्या दिवशी तू वर्गातल्या देविकाबरोबर माटुंग्याला इंजिनिअरिंगचं कॉलेज बघायला गेलीस. सिव्हिलला जायचं तुझ्या डोक्यात तेव्हाच होतं. यायला सहा वाजले. गोणपाटं खडखडीत वाळली होती आणि तू खांद्यावरची पर्सही न काढता बादली घेऊन धावलीस. मी गॅलरीतून हसत होतो. रात्री जेवताना तू दोनदा विचारलंस की काही होणार नाही ना, आणि मी म्हणालो, सात दिवस झालेत, एका दिवसाने काय होतंय. हे मी म्हणालो होतो, आकांक्षा. तू विसरली असशील, मी विसरलेलो नाही.

जूनच्या मध्यावर भेग दिसली. आधी दोऱ्याएवढी, नळाकडच्या रांगेतून, या भोकातून त्या भोकात. सकाळी कुणी उठायच्या आत मी खाली गेलो, बाइंडिंग वायरीचा तुकडा घेतला आणि आत घातला. तो सरळ खाली गेला, चार इंच, तळापर्यंत. तिथेच मला सगळं कळलं. पाणी कमी पडलं तर वरच्या वर बारीक जाळी येते, पापुद्रे सुटतात, हात फिरवला की पांढरी पूड लागते. तुझ्या कोब्यावर यातलं काही नव्हतं. माझ्या तीस वर्षांत इतकं चांगलं पाणी खाल्लेला पृष्ठभाग मी थोडाच पाहिला असेल. भेग पडली ती मी सांधे सोडले नाहीत म्हणून, ओळीने भोकं पाडली म्हणून. आणि नळाकडची बाजू हळूहळू खचायला लागली ती माझ्या भरावामुळे. वायर खिशात घालून मी वर आलो आणि तुझ्या आईने केलेला चहा प्यायलो.

पुढच्या रविवारी चाळीची मीटिंग होती. वैभवने विचारलं तेही अगदी साधेपणाने, काका, हे असं कशामुळे झालं हो? वीस-पंचवीस माणसं. सगळी मला मिस्त्री म्हणणारी. मी तोंड उघडलं तेव्हा खरं सांगणार होतो की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. तोंडातून निघालं ते असं, "आमच्या पोरीच्या हातून एक दिवस पाणी राहिलं." लोक हसले. कुणी म्हणालं, वय आहे तिचं, आणि विषय संपून पाण्याच्या मोटरवर गेला. मला वाटलं, लहानसं खोटं आहे, कुणाचं काही बिघडलं नाही. पण तू दारात उभी होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तुझ्या चेहऱ्यावर एवढंच होतं की अप्पा म्हणतात म्हणजे तसंच असणार, आणि आपण आठवतोय ते चुकीचं असेल. त्यानंतर तू तो विषय माझ्याकडे कधी काढला नाहीस.

पावसाळ्यात नळाकडची बाजू पाऊण इंच खाली बसली. मी दोनदा सिमेंटचा घोळ ओतून कड बुजवली, दोन्ही वेळा उखडली. पितृपक्षात माझ्या वडलांची तिथी होती. आजीने तुझ्या आईला हात लावू दिला नाही, वाडी ठेवायला स्वतः निघाली, पान दोन्ही हातांत आणि डोळे वर कावळ्यांकडे. तिसऱ्या भोकाजवळ तिचा अंगठा त्या कडेला अडकला. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात मी तिच्या उशाशी बसलो की ती भिंतीकडे बघत एकच बोलायची, "माझी मी पडलंय. चेडवाक कोणी बोलू नकात." तुला कुणी बोलू नये म्हणून ती शेवटपर्यंत मलाच दटावत होती. मी मान हलवायचो. तिथे दुसरं कुणी नव्हतं, ती माझी आई होती, तिच्या कानात सांगितलं असतं तर ती मला दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. ऑपरेशन नीट झालं, पण छातीत कफ भरला आणि दिवाळीच्या चार दिवस आधी ती गेली. माझी आई माझ्या कामामुळे गेली. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय आणि लिहून झाल्यावर पेन खाली ठेवून थोडा वेळ गॅलरीत जाऊन आलो.

बाराव्याच्या दिवशी पाहुणे जेवत होते. आपल्या खोलीत आत आणि बाहेर म्हणजे मधे एक पडदा. मी पडद्याच्या या बाजूला पत्रावळी मोजत होतो आणि त्या बाजूला तू आईला म्हणालीस, "माझ्यामुळे आजी गेली." आई तुला गप्प करत होती, असं बोलू नये म्हणत होती, पण असं नाही झालं हे तिला ठामपणे सांगता येईना, कारण माझं बोलणं तिनेही खरं धरलं होतं. पडदा बाजूला करायला एक हात पुरला असता. माझ्या दोन्ही हातांत पत्रावळी होत्या. मी त्या घेऊन बाहेर गेलो आणि लोकांना वाढलं.

तू सिव्हिलला प्रवेश घेतला होतास, नव्या मुंबईला रोज जात होतीस. दिवाळीनंतर गेली नाहीस. पुढल्या वर्षी कॉमर्सचा फॉर्म आणलास आणि पालकाची सही मागितलीस. मी सही केली. का सोडलंस असं बापाने विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण तू खरं उत्तर दिलं असतंस. मग तू नोकरीला लागलीस, लग्न झालं, अभिषेकसारखा हसतमुख नवरा मिळाला, आणि मी स्वतःला सांगत आलो की पोर सुखात आहे, जुनं उकरून काय मिळणार. गेल्या दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा झोपायच्या आधी तू तीनदा उठून गॅसचं बटण पाहिलंस. नळ पाहिला. कडी पाहिली. अभिषेक तुला चेकमास्तर म्हणून चिडवत होता आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढं खरं.

गुरुवारी मशीन बंद झालं तेव्हा मी खाली उतरून चराच्या कडेला बसलो. फोडलेल्या कोब्याची कड स्वच्छ दिसत होती. भेग वरपासून खालपर्यंत, पाइपाला चिकटून, आणि खाली हातभर पोकळी, डेब्रिज खचून झालेली. मला नवं काहीच कळलं नाही, पण आता ते सगळ्यांच्या समोर उघडं पडलं होतं. वैभव होता, हितेंद्र होता, तळमजल्यावरच्या दोन-चार बायका होत्या. मी म्हणालो की ऐका, ही भेग माझ्या पोरीमुळे पडली असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. मग सांधे, भोकं, भराव, सगळं सांगितलं. वैभव म्हणाला, "तुम्ही असं कधी म्हणाला होतात काका?" हितेंद्रला आठवत नव्हतं. कुणालाच आठवत नव्हतं. कुणीतरी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, त्यांना वाटलं उन्हाने चक्कर आली असेल. बाळा, त्या मीटिंगमधलं माझं ते वाक्य सगळी चाळ मोटरचा विषय संपायच्या आत विसरली होती. एवढी वर्षं ते फक्त तुझ्यापाशी होतं.

संध्याकाळी तुझ्या आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, जुडी संपवली, देठं कागदात गुंडाळली, आणि मग म्हणाली, "मला काय सांगता? तिला सांगा." त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. ताट वाढते, गोळ्या समोर ठेवते, पण बोलत नाही. काल दुपारी मात्र ती स्वतःहून समोर येऊन बसली आणि तिने तुझ्या फोनचं सांगितलं. पहिलं बाळंतपण असून तू इथे येणार नाहीस हे मला माहीत होतं, डॉक्टर तिकडचे आहेत असं तू मला सांगितलं होतंस. खरं कारण तिने सांगितलं. बाळाचं सगळं सासूबाईंनी करायचं, अंघोळ, तेल, औषध, रात्रीचं बघणं, सगळं, असं तू आत्तापासून ठरवून टाकलं आहेस म्हणे. आईने विचारलं, मग तू काय करणार? तर तू म्हणालीस, मला बाळाजवळ एकटीला ठेवू नका, माझ्या हातून राहून जातं. तुझ्या आईने हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि उठून स्वयंपाकाला गेली.

म्हणून हे पत्र. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागायला मी बडोद्याला येईन, तू दार उघडशील तर आत येईन, नाहीतर जिन्यात बसेन. आजीचं जे झालं ते माझं आहे, ते मला भोगू दे, त्यातलं काही तुझ्याकडे ठेवू नकोस. पण तुला सातवा लागलाय आणि माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून एक गोष्ट आधी लिहून देतो, आणि हे तुझा बाप म्हणून नाही, तीस वर्षं हेच काम केलेला मिस्त्री म्हणून लिहितो. तुझ्या हातून काहीही राहिलं नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलीने भर मे महिन्यात जेवढं सांभाळायचं तेवढं तू सांभाळलंस, उशीर झाला त्या दिवशीही धावत येऊन सांभाळलंस. राहिलं ते माझ्या हातून, आणि त्याला मी तुझं नाव दिलं. सासूबाई मोठ्या आहेत, त्यांनी शिकवलं तर शीक, पण त्यांना नुसतं शेजारी बसायला सांग. तुझ्या बाळाला अंघोळ तू घाल.

तुझाच,
अप्पा